टेलिफोनवाली

त्या काळात पारोळ्यातली निम्मी कॉलेजकुमार मंडळी एकाच जाकिटात फोटो काढायची. जाकीट स्टुडिओच्या मालकांचं होतं. जाड जीन्सचं, डाव्या खिशावर गरुडाचा बिल्ला, आणि मापाने एवढं ढगळ की बारीक पोरांच्या पाठीमागे मालक कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावत. समोरून चिमटे दिसत नसत. समोरून दिसायचा तो एक रुबाबदार तरुण, ज्याला आयुष्यात कशाचीच फिकीर नाही. त्याच तरुणाला दुपारी आई उरलेल्या भाकरीचा कुस्करा खायला लावायची तो भाग वेगळा.

मालकांना सगळं गाव नाना म्हणायचं. बाजारपेठेत त्यांचा स्टुडिओ होता आणि दाराबाहेर काचेची शोकेस होती. वरच्या ओळीत नवरा-नवरी, खालच्या ओळीत पालथी पडलेली उघडी बाळं, आणि मधली ओळ या जाकीटवाल्यांची. एक जण हाताची घडी घालून उभा. दुसऱ्याचा गॉगल नाकावरून अर्धा उतरलेला. तिसऱ्याने कॉलर वर करून पाठ फिरवलेली आणि मान तेवढी मागे वळवलेली, कोणीतरी हाक मारल्यासारखी. चेहरे निराळे, पण गरुड सगळ्यांच्या छातीवर तोच. हे कोणाच्या लक्षात येत नव्हतं असं नाही. पण प्रत्येकाला वाटायचं, बाकीच्यांनी मागून घेतलंय, मला मात्र शोभतंय.

माझा थोरला भाऊ त्याच ओळीत होता. बारावीला दुसऱ्यांदा बसला होता, म्हणून फोटोत त्याने विचारवंताची पोझ घेतली होती. अंगठा हनुवटीखाली, एक बोट गालावर, नजर दूर. देशाचा एखादा मोठा प्रश्न सोडवतोय असं वाटावं. खरं म्हणजे तो नानांच्या भिंतीवरच्या पालीकडे बघत होता, हे त्यानेच मला सांगितलं होतं. पाल अंगावर पडेल या भीतीने डोळ्यांत जी काळजी उतरली, तिला नाना 'एक्स्प्रेशन' म्हणाले आणि फोटो शोकेसमध्ये लावला. दोन वर्षं तो तिथे होता. आईने येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कौतुकाने दाखवला होता.

मी दहावी पास झाले आणि अकरावीच्या फॉर्मला दोन पासपोर्ट फोटो हवे होते. आमचं घर शेतकऱ्याचं. आबा, म्हणजे माझे वडील, त्या दिवसांत पेरणीच्या मागे होते. आई म्हणाली, मैत्रिणीला घेऊन जा आणि लगेच ये. मैत्रीण आमच्याच गल्लीतली, शिंप्याची मुलगी. तिलाही फोटो हवे होते. आम्ही दोघींनी तोंडं घासून धुतली, पावडर लावली, पुसली, पुन्हा लावली. कपाळावर पावडरची रेघ राहिली ती कोणालाच दिसली नाही. फॉर्मवरच्या फोटोत मात्र स्पष्ट दिसते. तो फोटो माझ्याकडे अजून आहे. त्यात मी नुकतीच कोणीतरी थोबाडीत मारलेल्या मुलीसारखी दिसते.

पासपोर्ट झाल्यावर नाना म्हणाले, "आता आल्याच आहात तर एकेक पोस्टकार्ड साइज काढून ठेवा. हे वय परत येत नाही."

नाना हे वाक्य सगळ्यांना म्हणायचे. साठीच्या म्हाताऱ्यांनासुद्धा. पण आम्हाला वाटलं, आमच्यात काहीतरी दिसलं त्यांना.

मुलींसाठी नानांकडे जाकीट नव्हतं. मुलींसाठी प्लास्टिकचा गुलाब होता, एक फुलदाणी होती, एक जाड इंग्रजी पुस्तक होतं आणि एक काळा टेलिफोन होता. मैत्रिणीने पुस्तक घेतलं. तिला शिकलेली दिसायचं होतं. पुस्तक छातीशी धरून ती अशी बसली की आत्ता उठून डॉक्टर होईल. ते ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं कॅटलॉग होतं. नानांनी त्याच्या पाठीवर अक्षरं दिसू नयेत म्हणून तिचा हात नीट बसवून दिला.

मी टेलिफोन मागितला. का मागितला ते मला आजही नीट सांगता येत नाही. गावात टेलिफोन मोजके. पोस्टात एक, कापसाच्या जिनिंग कारखान्यात एक, डॉक्टरांकडे एक. मी त्यातल्या एकालाही कधी हात लावला नव्हता. पण टेलिफोनवर बोलणारी बाई मला फार महत्त्वाची वाटायची. तिच्याशी कोणालातरी लांबून बोलायचं असतं, एवढ्या लांबून की ओरडून भागत नाही. आमच्या घरात तर सगळे ओरडूनच बोलत.

नानांनी मला स्टुलावर बसवलं, मागे तळ्याचा पडदा सोडला, वेणी पुढे घेतली, आणि डोळ्यांवर स्वतःचा गॉगल चढवला. मग तो काढून माझ्या केसांत अडकवला.

"आता कोणाशी तरी बोलतेयस असं समज."

"कोणाशी?"

"ते मला काय माहीत? मैत्रिणीशी समज."

मी रिसीव्हर कानाला लावला आणि लाकडासारखी बसले. नाना काळ्या कापडाखाली गेले, बाहेर आले, पुन्हा गेले. "हास ना बेटा. भांडणाचा फोन आहे का?" तेवढ्यात कोपऱ्यातून मैत्रीण म्हणाली, "हॅलो, मी मुंबईहून बोलतेय, तुमच्या म्हशीनं दूध दिलं का?" मी खदखदून हसले आणि नानांनी बटण दाबलं.

फोटो फार छान आला. हे मी फुशारकीने सांगत नाही, छान आला म्हणून सांगतेय. त्यात मी होते त्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, बरीच उजळ आणि निदान नाशिकची वाटत होते. नानांनी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून गालावरच्या पुटकुळ्या काढून टाकल्या होत्या. मी तो फोटो चादरीखाली लपवला आणि रोज बाहेर काढून त्यातल्या मुलीशी ओळख करून घेऊ लागले.

माझी भाची आज मोबाइलवर दिवसातून दोनदा स्वतःचा फोटो बदलते. कधी गाल आत ओढलेले, कधी ओठांचा चंबू, कधी हातात कॉफीचा मग आणि नजर खिडकीबाहेर, जिथे फक्त शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आहे. तिचा बाप, म्हणजे तोच पालीकडे बघणारा माझा भाऊ, मला फोन करून म्हणतो, "काय ही नाटकं! आपल्या वेळी होतं का असं काही?" मी म्हणते, नव्हतं बाबा.

तर, पंधरा दिवसांनी मैत्रीण धावत आली. "तू शोकेसमध्ये आहेस!"

मुलींचे फोटो शोकेसमध्ये लावायची पद्धत नव्हती. नवरी असेल तर चालायची, कारण ती आता कोणाची तरी झालेली. नानांनी त्या पावसाळ्यात काय मनात आणलं कोण जाणे, त्यांनी मधल्या ओळीतून चार जाकिटं काढली आणि तिथे मुली लावल्या. मी त्यांतली एक. मला विचारलं नव्हतं. तेव्हा विचारायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

मी रागावले असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मी रागावले नाही. मी त्या आठवड्यात दोऱ्याचं रीळ आणायला तीनदा बाजारात गेले. घरात दोऱ्याची एवढी गरज कोणालाच नव्हती. पहिल्या दिवशी मी काचेसमोरून मान खाली घालून गेले. दुसऱ्या दिवशी मान वर करून. तिसऱ्या दिवशी शोकेसपुढे चार पोरं उभी होती. सगळ्यांनी केसांना पाणी लावून कोंबडा काढलेला. त्यांच्यातला एक माझ्याकडे बघून दुसऱ्याला म्हणाला, "अरे, टेलिफोनवाली!" दुसऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि म्हणाला, "हट्, ही नाही ती."

ते मला जास्त लागलं.

भावाला कळायला आणखी दोन दिवस लागले. तो संध्याकाळी घरी आला तो चपला न काढताच आत. "हिचा फोटो लावलाय तिथं! चौकात! येणारा-जाणारा बघतोय!"

आई चुलीपुढून उठली. "कोना फोटो?"

"हिचा! टेलिफोन धरून हसतेय!"

आईला फोटोपेक्षा हसणं जास्त खटकलं. "हसस कसाले? आनी तुले कोनी सांगं व्हतं तठे जावाले? आते तुले कोन करी?" म्हणजे आता तुझ्याशी लग्न कोण करील.

मी म्हणाले, "भाऊचा फोटोपण होता ना तिथं. दोन वर्षं होता."

"मी मुलगा आहे," भाऊ म्हणाला.

याचं उत्तर द्यायला मला आणखी पंधरा वर्षं लागली, आणि तोपर्यंत त्याला मुलगी झाली होती.

आबा शेतातून आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आबा कमी बोलणारे. त्यांनी तोंड धुतलं, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चाल. दखाड." म्हणजे चल, दाखव. भाऊही निघाला होता, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

आम्ही बाजारपेठेत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. शोकेसमध्येही नळीचा दिवा होता. आबा काचेपुढे उभे राहिले. वरची ओळ पाहिली, मधली पाहिली, खालची उघडी बाळंसुद्धा पाहिली.

"कथा शे?"

कुठे आहे, असं विचारत होते. मी बोट दाखवलं.

आबा काचेला नाक टेकेल एवढे वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हाई तू शेस? माले वळखूच नही उनी."

मला वाटलं आता ते नानांची कॉलर धरणार. नाना बाहेर आलेच. त्यांनी आबांचे हात हातात घेतले, आत नेलं, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. आबा म्हणाले, फोटो काढून टाका. नाना म्हणाले, "आत्ता काढतो आबा, तुमचा शब्द मोडीन का? पण मग मला बाजूच्या तिघींचेही काढावे लागतील. एक मोठ्या डॉक्टरांची आहे. एक जिनिंगवाल्या शेटजींची पुतणी. आणि ती फुलदाणीवाली तहसीलदार साहेबांची. साहेब स्वतः येऊन बघून गेले, खूश झाले. आता त्यांना काय सांगू, आबांनी काढायला लावले म्हणून?"

आबांनी चहाची बशी खाली ठेवली.

"तहसीलदारनी पोर?"

"सख्खी."

आबा उठले, पुन्हा बाहेर गेले आणि शोकेसपुढे उभे राहिले. आता त्यांची नजर बदलली होती. मघाशी त्यात त्यांची पोरगी चौकात टांगलेली होती. आता ती तहसीलदाराच्या मुलीच्या शेजारी बसलेली होती. माणसाची अब्रू किती पटकन जागा बदलते ते मी त्या दिवशी हातभर अंतरावरून पाहिलं. आबांनी घसा साफ केला आणि नानांना एवढंच म्हणाले, "ते शेटजीनी पुतनी वर कशी? आमनी पोर जरा वर ल्या ना."

नानांनी दुसऱ्याच दिवशी मला दोन बोटं वर सरकवलं.

घरी आल्यावर आबांनी जाहीर केलं, "ऱ्हाऊ दे. तहसीलदारनी पोर बी शे तठे." दुसऱ्या दिवशी आईने शेजारणीला तहसीलदाराचं नाव आधी आणि माझं नंतर सांगितलं. भाऊ मात्र धुमसत राहिला. त्याचा स्वतःचा फोटो त्या चार जाकिटांबरोबर नानांनी काढून टाकला होता, हे त्याच्या खऱ्या दुःखाचं कारण होतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

दिवाळीनंतर धुळ्याचं स्थळ आलं.

मला तेव्हा सतरावं लागलं होतं. कायद्याप्रमाणे दीडेक वर्ष कमी होतं, पण कायद्याला कोणी विचारत नव्हतं. बोलणी करून ठेवू, लग्न मागाहून, असं मध्यस्थ म्हणाले. ते आबांचे लांबचे नातलग. मुलाचे वडील कापसाच्या कामासाठी पारोळ्याला आले होते, त्यांनी शोकेस पाहिली, नानांकडून माझ्या फोटोची एक प्रत नेली आणि चौकशी केली, असं मध्यस्थांनी सांगितलं. मुलगा एकोणीस वर्षांचा, धुळ्याला डिप्लोमा करतोय. सोबत पाकिटात त्याचा फोटो होता.

फोटोत तो मोटरसायकलवर बसला होता. अंगात चामड्याचं जाकीट, डोळ्यांवर गॉगल, दोन्ही हात हँडलवर, आणि केस मागे गेलेले, जणू गाडी सुसाट चाललीय. मागे मात्र कारंजं आणि दोन राजहंस होते. फोटो घरभर फिरला. आई म्हणाली, गोरा आहे. भाऊ म्हणाला, "गाडी आहे. पाच गिअरची वाटते." आबांनी फोटो उजेडात धरून पाहिला आणि मान हलवली. मी तो सगळ्यांत शेवटी पाहिला आणि सगळ्यांत जास्त वेळ पाहिला. आमच्याकडे बैलगाडी होती आणि चाक कशावर टेकलंय हे बघायची मला लहानपणापासून सवय होती. मोटरसायकलच्या पुढच्या चाकाखाली वीट होती. कुंडी पुढे ठेवली होती, तरी विटेचा कोपरा दिसत होता. मी कोणाला सांगितलं नाही.

रविवारी मंडळी आली. मुलाचे वडील, त्याची आत्या आणि तो. गाडीवर नाही, एस.टी.ने. भाऊ स्टँडवर घ्यायला गेला होता. तो आल्याबरोबर मला कानात म्हणाला, "गाडी सर्व्हिसिंगला असेल."

मी साडी नेसून बसले होते. मैत्रीण माझ्या मागे. मुलगा माझ्यासमोर, मान खाली. फोटोतला वारा उतरलेला, केस तेलाने चपटे बसवलेले. त्याचे वडील आणि आत्या मात्र माझ्याकडे फारसं बघतच नव्हते. ते भिंतींकडे बघत होते. देव्हारा, कॅलेंडर, घड्याळ, कोनाडा. आत्याबाई पाणी प्यायला म्हणून आत गेल्या आणि स्वयंपाकघर बघून आल्या, मग हात धुवायला म्हणून मागच्या पडवीत गेल्या. परत येऊन त्यांनी मुलाच्या वडिलांकडे पाहून नकाराची मान हलवली. शेवटी त्यांना राहवेना.

"फोन कुठे ठेवता तुम्ही?"

आबांना प्रश्न कळला नाही. "कोना फोन?"

"तुमचा. टेलिफोन. मुलगी बोलतेय ना फोटोत."

तेव्हा आमच्या सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. स्थळ माझ्यासाठी आलंच नव्हतं. स्थळ टेलिफोनसाठी आलं होतं. फोन असलेलं घर म्हणजे सधन घर, असा त्यांनी हिशोब बांधला होता आणि मी त्या घरातली फोनजवळ बसणारी मुलगी होते.

आबा खरं सांगणार होते. मी त्यांचं तोंड उघडताना पाहिलं. पण त्याआधी भाऊ बोलून गेला, "दुरुस्तीला दिलाय."

आईने पदर तोंडाला लावला. आबांनी भावाकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर पळाला असता. मग ते ताडकन उठले आणि पाहुण्यांना म्हणाले, "चला, तुम्हाले म्हैस दखाडस." आणि खरंच त्या दोघांना मागच्या अंगणात घेऊन गेले. आई आणि भाऊ त्यांच्यामागे. आत उरलो मी, तो मुलगा आणि मैत्रीण. मैत्रीण लगेच कोनाड्यातला तांब्या पुसायला लागली, पाठ आमच्याकडे करून.

बाहेरून आबांचा आवाज येत होता, म्हैस किती वेतांची, कोणाकडून घेतली.

मग तो मुलगा हळू म्हणाला, "एक सांगू? राग मानू नका. फोटोत तुम्ही रिसीव्हर उलटा धरलाय."

"म्हणजे?"

"ज्या बाजूला वायर असते ती तोंडाशी येते. तुमची वायर कानातून निघालीय. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात फोन आहे, मी रोज खिडकीतून बघतो."

माझे कान तापले. चार-पाच महिने तो फोटो चौकात होता. अख्ख्या पारोळ्याने पाहिला, तहसीलदाराने पाहिला, आबांनी नाक लावून पाहिला, आणि एकालाही कळलं नव्हतं. नानांनाही नाही.

"मग तुम्ही घरी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर आलो नसतो आम्ही." हे बोलल्यावर तो स्वतःच लाजला.

मग मी म्हणाले, "तुमच्या मोटरसायकलच्या चाकाखाली वीट आहे."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं चिडला. पण त्याचे खांदे हलायला लागले. "इंजिनपण नाहीये त्यात," तो म्हणाला. "मला सायकलसुद्धा वडील वापरू देत नाहीत. केस मागे जायला स्टुडिओवाल्यानं टेबलफॅन लावला होता. डोळ्यांत पाणी आलं म्हणून गॉगल."

मैत्रिणीच्या हातातून तांब्या पडला. आम्ही तिघंही हसत सुटलो, तोंडावर हात दाबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तेवढी दहा मिनिटं तो मला फार आवडला. लग्न करावं असा नाही. वर्गात शेजारच्या बाकावर असावा असा.

"तुम्हाला शिकायचंय का?" त्याने विचारलं.

"हो."

"मलापण अजून दोन वर्षं आहेत. मी घरी नाही म्हणून सांगतो."

"काय कारण द्याल?"

तो विचारात पडला. तेवढ्यात बाहेरची मंडळी आत आली आणि कारण शोधायची त्याला गरजच उरली नाही. कारण निघताना मुलाच्या वडिलांनी खिशातून डायरी काढली आणि भावाला म्हणाले, "नंबर सांगा. फोन दुरुस्त झाला की बोलणं होईल."

माझा भाऊ तिथे थांबला असता तरी चाललं असतं. पण जाकीट घातलेला माणूस असा सहजासहजी थांबत नाही. त्याने डोळ्याची पापणी न हलवता एक नंबर सांगितला. मुलाच्या वडिलांनी तो लिहून घेतला, खाली रेघ मारली. मुलगा माझ्याकडे न बघता उंबरठ्याबाहेर गेला. त्याचे खांदे पुन्हा हलत होते.

नंबर जिनिंगचा निघाला. भावाने तो तिथल्या पाटीवर कधीतरी वाचला होता आणि डोक्यात राहिला होता. मुलाच्या वडिलांनी चार दिवसांनी धुळ्याहून फोन लावला, तर पलीकडे मुनीमजी. यांनी आबांना बोलवा म्हटलं. मुनीमजी म्हणाले, इथे आबा-बिबा कोणी नाही, कापूस आणायचाय का? यांनी विचारलं, हा त्यांच्या घरचा फोन ना? मुनीमजींनी जे उत्तर दिलं ते ऐकून सगळी जिनिंग हसली, आणि संध्याकाळपर्यंत निम्मं पारोळं.

मध्यस्थ निरोप घेऊन आले. "पोरगी चांगली आहे म्हणाले. पण घर खोटं आहे."

ते गेल्यावर आबा ओट्यावर येऊन बसले. मग त्यांनी भावाला हाक मारली. "फोन दुरुस्तीले दिधा अशे कोन म्हनं?" भाऊ भिंतीला टेकून उभा होता. एकवीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला, आणि तोंड असं झालेलं की नानांनी ते 'एक्स्प्रेशन' टिपायलाच हवं होतं. आबा मला काही बोलले नाहीत. मला वाटतं, मला बोलायचं तर नानांना फोटो वर सरकवायला कोणी सांगितलं तेही निघालं असतं, हे त्यांना कळत होतं. मी विटेचं सांगून टाकावं असं फार वाटलं. आमच्यासारखंच तेही घर आहे, हे ऐकून आबांना बरं वाटलं असतं. पण त्या मुलाने माझं सांगितलं नव्हतं, म्हणून मीही गप्प राहिले.

फोटो शोकेसमधून आईने उतरवायला लावला. ती स्वतः गेली, एकटी, आणि नानांच्या चहाला नाही म्हणाली. पण त्याने झालेलं भरून निघालं नाही. धुळ्याच्या बाजूला आमचं नाव 'दुरुस्तीवाले' असं पडलं होतं. त्यानंतर दोन वर्षं त्या बाजूने एक स्थळ आलं नाही. मध्यस्थ आबांना बघून रस्ता बदलायचे. आई उपासतापास करायची. मी त्या दोन वर्षांत अकरावी केली, बारावी केली, आणि चांगल्या मार्कांनी पास झाले, कारण घरात मला दाखवायला बोलावत नसल्यामुळे अभ्यासाला भरपूर वेळ होता. बारावीनंतर मी म्हणाले, जळगावला कॉलेजला जाते. आबांनी एकदा आईकडे बघितलं. आई म्हणाली, "आठे बसीसन तरी काय करी?" इथे बसून तरी काय करील. मुलींच्या शिक्षणाबद्दल आमच्या घरात झालेली चर्चा ती एवढीच. खूप बायका आपल्या वडिलांच्या पुरोगामी विचारांमुळे शिकल्या असं लिहितात. मी बदनामीमुळे शिकले.

जूनमध्ये आबा मला सोडायला आले. एरंडोलवरून एस.टी., मांडीवर पत्र्याची पेटी, खिडकीतून उडणारी धूळ. वसतिगृहाच्या बाईंनी आबांना जेवून जा म्हटलं. त्या दिवशी भरीत-भाकरी होती. आबांनी पहिला घास घेतला, थांबले, दुसरा घेतला, आणि उठून थेट स्वयंपाकघराच्या दारात गेले. मी लाजेने मेले. शंभर मुली बघत होत्या.

"अक्का," ते आतल्या बाईला म्हणाले, "वांगा भाजेल नहीत. उकाडेल शेतस."

ती म्हणाली, एवढ्या जणींची वांगी भाजायची कधी? आबा म्हणाले, कपाशीच्या काड्या पेटवायच्या आणि वांगी एकदम टाकायची, अर्ध्या तासात होतात. पाच मिनिटं त्यांचं वांग्यांवर चाललं होतं. मग ते परत आले, ताटातलं सगळं संपवलं, हात धुतले, माझ्या डोक्यावर एकदा हात ठेवला आणि स्टँडकडे चालू लागले. वळून बघितलं नाही. मी फाटकाशी उभी राहून थोडी रडले. मग आत आले, आणि भूक लागली होती म्हणून ते उकडलेल्या वांग्यांचं भरीत आणखी एकदा वाढून घेतलं.